सकाळी आठ ते संध्याकाळी सात

कर्जतहून सव्वासहाच्या सुमारास सुटलेली लोकल आठ वाजता घाटकोपर-कुर्ल्याच्या मधे कुठेतरी असते. त्या वेळी डब्यात स्वतःचा हात स्वतःच्या खिशापर्यंत नेण्याइतकीही जागा नसते आणि नेमका तेव्हाच फोन थरथरायला लागतो. फोन एकाच्या खिशात असला तरी थरथर चौघांच्या मांड्यांना कळते.

"तुमचा वाजतोय."

"माहीत आहे."

"घ्या की मग."

"कंपनीचा आहे."

"कंपनीचा मेसेज असतो हो. हा कॉल आहे."

इतका वेळ खिडकीशी झोपलेला एक गृहस्थ डोळे न उघडता विचारतो, "कुठली फायनान्स?" आणि डब्यातले निम्मे लोक आपापला खिसा चाचपतात.

आठचा हा मुहूर्त कुठल्या पंचांगातला नाही, रिझर्व्ह बँकेचा आहे. १२ ऑगस्ट २०२२ रोजी बँकेने परिपत्रक काढून सांगितलं, की थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायकांच्या गटाच्या कर्जाला त्याच वर्षीच्या नियमांत आणखी सवलत आहे. तिथे वेळ नऊ ते सहा. त्यामुळे ज्या घरात नवऱ्याच्या नावावर टेम्पो आणि बायकोच्या नावावर गटाचं कर्ज आहे, तिथे आठ वाजता त्याची छाती धडधडायला लागते आणि नऊ वाजता तिची. संध्याकाळी सहाला ती मोकळी होते, सातला तो. मधल्या तासाभरात ती निवांतपणे भाजी निवडत त्याला सांगते, "अहो, उचला ना फोन. खाणार आहे का तो तुम्हाला?"

नियम चांगला आहे. अडचण एवढीच, की छाती रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही. ती रात्री तीन वाजता विनापरवाना सुरू होते. त्या वेळी कोणाचाही फोन आलेला नसतो, येणारही नसतो. पण अंथरुणातला माणूस पाच तासांनी येणाऱ्या फोनला काय उत्तर द्यायचं याची तालीम करत असतो. या तालमीत तो फार बाणेदार बोलतो. प्रत्यक्षात आठ वाजता फोन येतो तेव्हा तोंडातून फक्त "हां सर, हो सर, सोमवारी सर" एवढंच निघतं.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके मुंबई आणि पुण्याच्या बरोबर मधे आहेत. दोन्ही शहरांचा पैसा इथून द्रुतगती मार्गाने जाताना दिसतो, थांबतो मात्र फक्त टोलनाक्यावर. तो आपल्या दारातही थोडा थांबावा म्हणून लोकांनी कर्ज काढून टेम्पो घेतले, जेसीबी घेतले, पावसाळी पर्यटकांसाठी होमस्टे बांधले, तंबू आणले. मग धबधब्यांवर गर्दी झाली, अपघात झाले आणि प्रशासनाने पर्यटकांना तिथे जायला मनाई करणारा हुकूम काढला. तोही बरोबरच होता. पण धबधब्यावर मनाई हुकूम निघतो तसा हप्त्यावर निघत नाही. हप्त्याची पाच तारीख भर पावसात, पूर आलेला असताना, नेटवर्क गेलेलं असतानाही येते.

खालापूर तालुक्यात सांगडेवाडीजवळ इमॅजिका नावाची भलीमोठी करमणुकीची बाग आहे. २०१३ साली ती सुरू झाली. मुंबई-पुण्याची माणसं तिकीट काढून तिथे पाळण्यात बसतात, उंचावरून खाली येताना किंचाळतात, पोटात गोळा आणवतात आणि खाली उतरून पुन्हा रांगेत उभी राहतात. आसपासच्या गावांतल्या हप्तेकऱ्यांना याचं फार नवल वाटतं. पोटात गोळा, हातपाय गार, घशाला कोरड हे सगळं त्यांना एका मिस्ड कॉलवर घरबसल्या फुकट मिळतं. आणि खरी गंमत अशी, की लोकांना पैसे घेऊन घाबरवणारी ती बागही शेवटी कर्जातच अडकली. बँकांशी तडजोड होऊन २०२२ मध्ये ती मालपाणी समूहाकडे गेली. एवढ्या मोठ्या पाळण्याचे हप्ते थकू शकतात हे कळल्यावर तालुक्यातल्या टेम्पोवाल्यांना जरा धीर आला.

हप्ता थकला की माणूस पहिला उद्योग करतो तो नंबर सेव्ह करण्याचा. एरवी सख्ख्या मेव्हण्याचा नंबर ज्याच्याकडे नसतो, त्याच्या फोनमध्ये वसुलीवाल्यांची शिस्तीत यादी तयार होते. 'उचलू नको १', 'उचलू नको २', 'उचलू नको (गोड बाई)', 'उचलू नको (हिंदी)', 'उचलू नको पण माणूस बरा'. पण रोज नवा नंबर येतो, त्यामुळे ही यादी कधी पुरी होत नाही. खालापूरच्या एका सावध गृहस्थाने बायकोला संशय येऊ नये म्हणून वसुलीवाल्याचा नंबर 'पप्पा' या नावाने ठेवला होता. एकदा तो आंघोळीला गेला असताना बायकोने हाक मारली, "अहो, पप्पांचा फोन!" पप्पांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

पुढची पायरी म्हणजे कुठलाच अनोळखी नंबर न उचलणं. मग गॅसवाला दारातून परत जातो. कुरिअर पुन्हा भिवंडीला जातं. शाळेतून बाई फोन करत राहतात, की तुमच्या मुलाला उलट्या होतायत, आणि इकडे बाप खिडकीचा पडदा ओढून बसलेला असतो. एका हप्तेकऱ्याने तर महिनाभर मोठ्या चिकाटीने एक नंबर कापला. तो बँकेचाच होता आणि त्या बाई त्याला हप्ता कमी करून मुदत वाढवून देण्याबद्दल सांगणार होत्या. महिना संपला, योजनाही संपली. तेव्हा मात्र त्याने आपणहून फोन केला आणि तिकडून ऐकू आलं, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

यामागे साधं शास्त्र आहे. फोन कापला, की क्षणभर फार बरं वाटतं. मेंदू नोंद करतो, की वा, कापल्यामुळे वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो, म्हणजे आणखी लवकर कापता येईल. असं करत करत शेवटी फोन वाजायचीही गरज राहत नाही, शेजारच्या घरातली रिंगटोन पुरते. प्रस्तुत लेखकाकडे त्याच्या जुन्या कर्जाचा 'नो ड्यूज' दाखला लॅमिनेट करून ठेवलेला आहे. तरीही अनोळखी नंबर दिसला, की तो आधी फोन उशीखाली सारतो, मग कपाटातला दाखला काढून वाचतो आणि फोन वाजायचा थांबला की धीटपणे म्हणतो, "हॅलो."

जे फोन उचलतात त्यांची कल्पकता वेगळी. या भागात घाट ही मोठी सोय आहे. कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरी मागे टाकते, की पुढे खंडाळ्यापर्यंत बोगदेच बोगदे. १८६३ साली बोरघाटाचा हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा इंग्रजांनी डोंगर पोखरले ते मालाच्या आणि सैन्याच्या सोयीसाठी, पण आज त्यांचा सर्वाधिक आधार हप्तेकऱ्यांना आहे. "सर, बोगदा आला, सर, आवाज जातोय" असं म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी फोन ठेवले आहेत. काहींना या युक्तीची इतकी सवय झाली, की ते घरच्या खाटेवर बसूनही बोगद्यात शिरू लागले.

"सर, बोगदा लागला."

"बोगद्यात कुकरची शिट्टी कशी वाजली?"

"ते मागचं इंजिन आहे सर. घाट चढायला कर्जतला लावतात."

ही माहिती खरी आहे. कर्जतला मागून जादा इंजिनं जोडल्याशिवाय बहुतेक गाड्या घाट चढत नाहीत. वसुलीवाला खोपोलीचाच असल्याने त्यालाही ती ठाऊक होती. त्याने शांतपणे विचारलं, "मग आता किती शिट्ट्या झाल्या? भात असेल तर तीन पुरेत."

फोन लागत नाही म्हटल्यावर माणूस दारात येतो. मुंबईत दहा वर्षं शेजारी राहणाऱ्यालाही समोरच्या फ्लॅटचा पत्ता सांगता येत नाही, त्यामुळे तिथे लपणं सोपं. कर्जतच्या बाजूला गावाच्या वेशीवरच पानटपरी असते.

"दादा, ते टेम्पोवाले कुठे राहतात?"

"आमचा टेम्पोवाला? सरळ जावा, मारुतीच्या देवळापासून डावीकडं. हिरवा गेट. आताच दूध घेऊन गेलाय, घरीच हाय. थांबा, मी फोन करून सांगतो तुम्ही आलाय म्हणून."

"नको, नको. फोन नको."

"का बरं? चहा टाकून ठेवतील ना."

आणि चहा खरोखर टाकलेला असतो. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही हे या भागात अजून कोणाला जमलेलं नाही, मग तो माणूस आपलीच गाडी ओढून न्यायला आलेला का असेना. घरधनी तोवर मागच्या दाराने निघून पेंढ्याच्या उडवीआड बसलेला असतो. ओटीवर वहिनी सांगतात, "ते पुण्याला गेलेत." वसुलीवाला चहा घेतो. शेजारच्या काकू कुतूहलाने येऊन टेकतात, त्यांनाही चहा होतो. बोलता बोलता वसुलीवाल्याची आत्या नेरळला काकूंच्या बहिणीच्या आळीत दिलेली निघते आणि बिस्किटांचा पुडा फुटतो. उडवीआडच्या माणसाला मुंगळे डसत असतात, पेंढ्याची धूळ नाकात गेलेली असते. तो जिवाच्या आकांताने नाक दाबून धरतो, पण शेवटी शिंक येतेच.

वसुलीवाला कप खाली ठेवतो. "वहिनी, पुण्याला हवा गार दिसतेय. शिंक इथवर आली."

गटाच्या कर्जात ही लपाछपीही शक्य नसते, कारण तिथे शोधायला येणारा परका नसतो. आठवड्याची किंवा महिन्याची मीटिंग ठरलेली, सतरंजी ठरलेली, कंपनीच्या माणसाला सगळ्या 'सर' म्हणतात हेही ठरलेलं. एकीने हप्ता आणला नाही, की उरलेल्यांनी तो भरायचा. नियम असा आहे, की वसुली कर्जदार आणि कंपनी यांनी मिळून ठरवलेल्या जागीच करायची आणि बाई लागोपाठ दोनदा तिथे आलीच नाही तरच सरांनी तिच्या घरी जायचं. पण सरांना घरी जायची वेळच येत नाही. त्याआधी गटातल्या नऊ बायका जाऊन आलेल्या असतात. त्या ओरडत नाहीत की धमकी देत नाहीत. ओट्यावर येऊन बसतात आणि घरात काय काय नवीन आलंय ते पाहतात. "मिक्सर कधी घेतलास गं?" एवढाच प्रश्न पुरतो. एका बाईने मीटिंगच्या दिवशी मिक्सर, पंखा आणि नवऱ्याचे नवे बूट शेजारणीकडे ठेवायची पद्धत पाडली होती. पुढे शेजारीणही त्याच गटात आली आणि दोन घरांचं सामान तिसरीकडे जाऊ लागलं.

मोबाईलवरच्या ॲपांनी तर कहरच केला. कर्ज देताना त्यांनी फोनमधली सगळी नावं वाचून घेतली आणि हप्ता चुकल्यावर त्या नावांना एकेक करून फोन लावले. असल्या ॲपने फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बजावलं. कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही, हे तर ऑगस्टच्या परिपत्रकातच होतं. तोवर खोपोलीतल्या एका तरुणाच्या प्लंबरला, जुन्या घरमालकाला, लग्नातल्या बँडवाल्याला आणि 'गुरुजी सत्यनारायण' या नावाने सेव्ह केलेल्या भटजींना फोन जाऊन आले होते.

"तुमच्या ओळखीच्या अमुक अमुक इसमाने आमचे पैसे बुडवलेत," पलीकडून दरडावून सांगण्यात आलं.

"हो का?" गुरुजी म्हणाले. "भेटले तर सांगा, दक्षिणा माझीही राहिली आहे."

तगाद्याची ही कला काही नवी नाही आणि तिच्यापुढे भलेभले वाकलेले आहेत. पहिल्या बाजीरावाला रणात कोणी हरवलं नाही, पण सावकारांनी त्याला पुरतं जेरीस आणलं होतं. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाचं त्याने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. यातही मौज अशी, की स्वामी स्वतःच सरदारांना रकमा कर्जाऊ देत. म्हणजे पेशव्याने सावकारांचं गाऱ्हाणं नेलं तेही सावकाराकडेच. त्या काळी फोन नव्हते म्हणून कपाळ झिजलं, आज लाल बटण दाबून अंगठा झिजतो.

पेशवाईतल्या वसुलीची एक रीत मोठी विलक्षण होती. धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून उपाशी बसायचा आणि तो जेवत नाही तोवर आतल्यांनीही जेवायचं नाही, असा संकेत. दारात कोणी उपाशी मेला तर पाप घरधन्याच्या माथी. इंग्रजांना हे इतकं विचित्र वाटलं, की १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ लिहिताना, दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याला त्यांनी दारात धरणं धरून बसणाऱ्याचंच उदाहरण दिलं. आजचा वसुलीवाला उपाशी बसत नाही, हा त्यातला मोठाच फरक. बिस्किटं संपली तर तो पोह्यांचीही वाट पाहतो.

मुंबईत गिरण्यांच्या दाराशी पगाराच्या दिवशी पठाण सावकार सोटा घेऊन उभे असत. कारखान्याच्या दारात असं वसुलीसाठी घुटमळणं हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाला करावी लागली. इकडे कर्जतच्या डोंगरपट्टीत सोट्याचीही गरज नव्हती. पावसाळ्यात घरातलं भात संपलं, की खावटीला सावकाराकडे जायचं आणि सुगीत दिढीदुपटीने परत करायचं. माथेरानच्या भाई कोतवालांनी यावर उपाय काढला तो भाषणाचा नव्हता. त्यांनी गावच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं सुरू केली. गरजेला तिथून भात घ्यावं, पिकल्यावर परत आणून टाकावं, सावकाराचा उंबरा चढूच नये. पुढे १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांची आठवण तालुका दरवर्षी काढतो. कोठारांची आठवण मात्र पाच तारखेला यायला हवी, ती येत नाही.

कातकरी वाड्यांवर तर अजून निराळाच हिशेब चालतो. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्टीवर जायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ऐकायचं, की अंगावर अजून बाकी निघतेय. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. पण इथे वसुलीवाल्याला कोणाच्या दारात यावं लागत नाही, कर्जदाराचं सगळं घरच त्याच्या दारात जाऊन राहतं.

आता या वसुलीवाल्याकडेही जरा पाहिलं पाहिजे. समजूत अशी, की तो राकट, मिशाळ, दंडात बेडक्या असलेला असणार. पैलवान पाठवून वसुली करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सुनावलं आहे. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने वसुलीवाल्यांसाठी अभ्यासक्रम काढायला सांगितला, किमान शंभर तासांचा. म्हणजे कायद्याप्रमाणे तुमच्या दारात येतो तो शिकलेला माणूस. त्याच्याकडे ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असली पाहिजे. ती मागायची असते हे मात्र हप्तेकऱ्याला कोणी शंभर मिनिटंही शिकवलेलं नसतं. तो ओळखपत्र मागायच्या ऐवजी साखर किती हे विचारतो.

खोपोलीतल्या एका टपरीवर पाहिलेला हा प्रसंग. पंचविशीतला वसुलीवाला आणि पस्तिशीतला कर्जदार समोरासमोर बसले होते. बोलणी सुरू झाली आणि दोघांचेही फोन एकदम वाजले. दोघांनीही आपापले फोन पालथे घातले.

"घ्या ना दादा."

"तुम्ही घ्या आधी."

"माझा काही महत्त्वाचा नाही."

"माझाही नाही."

थोडा वेळ दोन्ही फोन टेबलावर गरगर फिरत राहिले.

"बाईकचा?" कर्जदाराने हळूच विचारलं.

"बाईकचा," वसुलीवाला म्हणाला. "हिच्यावरच फिरून तुमच्या वसुल्या करतो. महिन्याचं टार्गेट झालं तर हप्ता निघतो. तुम्ही भरलंत तर मी भरतो."

कर्जदाराला इतकं वाईट वाटलं, की चहाचे पैसे त्यानेच दिले. हप्ता नाही दिला.

धडधड वाढली की माणूस डॉक्टरकडे जातो. डॉक्टर ईसीजी काढतात. तो उत्तम येतो. रुग्ण हिरमुसतो, कारण निदान रिपोर्टमध्ये काही निघालं असतं तर तो बँकेला दाखवता आला असता.

"टेन्शन घेऊ नका," डॉक्टर सांगतात.

"मी कुठे घेतो डॉक्टर? ते घरपोच देतात."

मग घरचे उपाय सुरू होतात. आत्या मीठमोहऱ्या उतरवते. मेव्हणा प्राणायाम शिकवतो, पण श्वास रोखून धरायच्या वेळेलाच फोन वाजतो आणि तो नको तितका रोखला जातो. आई महडच्या वरदविनायकाला नवस बोलते, की कर्ज फिटू दे, एकवीस नारळांचं तोरण वाहीन. आता महड काही लांब नाही, खालापूर तालुक्यातच आहे. पण कर्ज लगेच फिटत नाही, नवसाची रुखरुख लागते आणि बँकेच्या जोडीला देवाचीही थकबाकी डोक्यावर बसते. देवाचं एक बरं आहे, तो तिसऱ्या माणसामार्फत फोन करत नाही.

थट्टेला हद्द असते, आणि ती हद्द याच तालुक्यातल्या माणसांनी पाहिलेली आहे. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओचे नितीन चंद्रकांत देसाई यांनी सिनेमासाठी राजवाडे आणि किल्ले उभे केले. कर्ज थकून स्टुडिओचं प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं होतं आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी तिथेच जीवन संपवलं. त्या दिवसापासून कर्जत-खालापुरात "फोन उचलत नाही" या वाक्याकडे घरचे जरा जास्त लक्ष देतात. ते द्यायलाच हवं.

बाकी मामला तसा साधा आहे. वसुलीवाल्याला पैसे हवे असतात आणि ते नसतील तर निदान तारीख तरी हवी असते, कारण त्यालाही संध्याकाळी वरच्या साहेबाला कागदावर काहीतरी लिहून द्यायचं असतं. एवढी तारीख न देण्यासाठी माणसं उडवीआड बसतात, बोगद्यात शिरतात, मेलेल्या वडिलांना फोनवर आणतात. तारीख द्यावी, पाळता येईल अशीच द्यावी, आणि लेखी द्यावी. जमत असेल तर सरळ शाखेत जाऊन मॅनेजरसमोर बसावं. मॅनेजरही माणूसच असतो, त्याच्या छातीत तिमाही संपताना अशीच धडधड होते.

आणि कोणी शिवीगाळ केली, रात्री-अपरात्री फोन केला, शेजाऱ्यांना किंवा गुरुजींना गाठलं, तर घाबरण्याआधी वेळ, तारीख आणि नंबर वहीत लिहावा. आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, त्याची माहिती १४४४८ या नंबरावर मिळते. पतसंस्थेचं प्रकरण असेल तर लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, ते सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे न्यावं लागतं. रात्री तीनची तालीम थांबतच नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, पैसे पडत नाहीत आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं. हे दोन्ही नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. फक्त 'उचलू नको' या नावाने घालू नका.